वाळूला धरून ठेवणारे तण

लोकर मेंढीच्या अंगावर असते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण काही वनस्पतीही लोकर पांघरतात आणि त्यामागची कारणे मेंढीच्या कारणांहून फारशी वेगळी नसतात. हिमालयात अतिउंचावर, जिथे झाडेझुडपे कधीच मागे पडलेली असतात, तिथे फेनकमळ नावाची वनस्पती आपली फुले पांढऱ्याशुभ्र लोकरीच्या गुंडाळीत दडवून ठेवते. बर्फाळ वाऱ्यातही त्या गुंडाळीच्या आत थोडी ऊब टिकते. दुसऱ्या टोकाला राजस्थानच्या वाळवंटात बुई नावाचे झुडूप आहे. त्याच्या लोकरी तुऱ्यांचा कापूस तिकडचे लोक उशांत भरत आले आहेत. एक थंडीसाठी पांघरते, दुसरे उन्हासाठी. लोकर मात्र दोघांना सारखीच कामाला येते.

या भावंडांत एक तिसरे आहे. ते ना पर्वतावर राहते, ना वाळवंटात. त्याचा मुक्काम ऐन समुद्रकाठी, भरतीच्या रेषेच्या थोडे वर, जिथे कोरडी वाळू वाऱ्याबरोबर पळू लागते तिथे असतो. इंग्रजीत त्याला ‘कॉटनवीड’ म्हणतात. आपण सोयीसाठी ‘कापूसतण’ म्हणू. युरोपाच्या पश्चिम किनाऱ्यावर आयर्लंडपासून पोर्तुगाल-मोरोक्कोपर्यंत आणि पुढे भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने ग्रीस, तुर्कस्तानपर्यंत त्याचा वावर आहे. उंची वीतभर ते हातभर. खोड, फांद्या, पाने यांवर पांढऱ्या केसांची इतकी दाट गादी असते की मूळचा हिरवा रंग दिसतच नाही. पाने नखाएवढी, जाडसर, खोडाला बिलगलेली. उन्हाळ्यात फांद्यांच्या टोकांना पिवळ्या गुंड्यांसारखी फुले येतात. त्यांना शेवंतीसारख्या बाहेरच्या पाकळ्या नसतात. कुणीतरी पांढऱ्या स्वेटरला पिवळी बटणे लावावीत तसा सारा थाट.

कूळ शेवंती-झेंडूचेच. शास्त्रज्ञांनी त्याला पूर्वी ‘ओटॅन्थस’ असे स्वतंत्र नाव दिले होते. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘कानाचे फूल’, कारण त्याच्या इवल्याशा नळीदार फुलांच्या बुडाशी दोन कानांसारखे उंचवटे असतात. अलीकडे जनुकांच्या अभ्यासानंतर त्याची रवानगी ‘अकिलीया’ या मोठ्या कुटुंबात झाली. ज्या अकिलीस या ग्रीक योद्ध्यावरून हे नाव पडले, तो आपल्या सैनिकांच्या जखमा याच कुळातल्या वनस्पतीने बऱ्या करत असे, अशी आख्यायिका आहे. आपल्या कापूसतणाची कामगिरी मात्र रणांगणावरची नाही. ते जखमा भरते ते किनाऱ्याच्या.

लोकर कशासाठी?

किनाऱ्यावरची कोरडी वाळू ही झाडासाठी राहायला फार वाईट जागा. दिवसा ती तव्यासारखी तापते. पाऊस पडला तर पाणी थांबत नाही, सरळ खाली झिरपते. खत नाही, माती नाही. वारा सतत आणि त्या वाऱ्यात खारे तुषार. शिवाय वाऱ्याबरोबर उडणारे वाळूचे कण पानांवर काचकागदासारखे घासले जातात. आपल्या बागेतले गुलाबाचे रोप तिथे नेऊन लावले तर आठवडाभरही तग धरणार नाही.

कापूसतण तिथे सुखाने राहते ते या लोकरीच्या जोरावर. पांढरा रंग ऊन परतवतो. केसांच्या जाळीत हवेचा एक स्थिर थर अडकतो आणि त्यामुळे पानातले पाणी सहजासहजी उडून जात नाही. खारे थेंब केसांच्या टोकांवरच अडतात. पानाच्या त्वचेपर्यंत पोचणारे मीठ कमी होते. उडत्या वाळूचा मारही ही गादी झेलते. एका साध्या पांघरुणाने चार संकटांचा बंदोबस्त.

जमिनीखाली याहून मोठे काम चालते. त्याचे खोड वाळूखाली सरपटत जाते आणि जागोजागी नवे फुटवे काढते. वरून वाळू पडून झाड गाडले जाऊ लागले, तर ते मरत नाही, त्या वाळूतून वर येते. इतर झाडांना जी शिक्षा, ती याला चालना ठरते. इथेच या बुटक्या झाडाचा आणि आपल्या सगळ्यांचा संबंध सुरू होतो.

टेकडी कोण बांधते?

समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या वारा बांधतो, असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. वारा वाळू आणतो, पण वारा ती घेऊनही जातो. वाळू टाकायला वाऱ्याला कुठेतरी दम खावा लागतो. ओहोटीच्या वेळी सुकलेली वाळू उड्या मारत जमिनीकडे निघते. वाटेत एखादे झुडूप आले की त्याच्या पानाफांद्यांत वाऱ्याचा वेग मोडतो आणि हातातले ओझे तो तिथेच टाकतो. झुडपाभोवती मूठभर वाळू साठते. झुडूप तिच्यातून वर येते, पुन्हा वारा अडवते, पुन्हा वाळू साठते. अशा मुठीमुठीने ढीग होतो, शेजारचे ढीग एकमेकांना मिळतात आणि काही वर्षांत किनाऱ्याला समांतर एक बांध उभा राहतो. म्हणजे टेकडी वाळूची असली तरी तिचा गवंडी वनस्पती आहे. गवंडी उठून गेला की वारा एका मोसमात सगळी रचना मोडून टाकू शकतो.

हा बांध दगडी भिंतीसारखा ताठ नसतो आणि तीच त्याची ताकद. वादळात लाटा टेकडीवर आदळतात तेव्हा तिची वाळू ओढून नेतात. पाहणाऱ्याला वाटते, किनारा गेला. पण ती वाळू थोड्या अंतरावर पाण्याखाली उंचवटा होऊन बसते आणि पुढच्या लाटा तिथेच फुटू लागतात. म्हणजे टेकडी स्वतःची वाळू खर्च करून मागच्या गावाचे रक्षण करते. समुद्र शांत झाला की तीच वाळू हळूहळू परत येते आणि झुडपे तिला पुन्हा बांधून घेतात. बँकेतल्या ठेवीसारखा हा व्यवहार आहे: अडीअडचणीला काढायची, बरे दिवस आले की भरायची. भरणा करणारे हात मात्र वनस्पतींचे. ते कापून टाकले की खात्यातून फक्त पैसे निघतच राहतात.

वाळूची टेकडी पाण्याचीही कोठी असते. पावसाचे पाणी वाळूतून खाली मुरते आणि गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच आणि जर्मन अभियंत्यांनी याचा हिशेब मांडला. तो असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून १ मीटर वर असेल, तर वाळूखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असू शकते. ॲमस्टरडॅम शहराने १८५३ साली नळाचे पाणी आणले ते अशाच वाळूच्या टेकड्यांतून. कोकणात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याच्या विहिरी असतात, याचे पाहुण्यांना मोठे नवल वाटते. त्या नवलाच्या मुळाशीही पुष्कळदा किनाऱ्याच्या वाळूत मुरलेला पाऊसच असतो.

एका तळ्याकाठी उरलेले

कापूसतणाला आयर्लंडमध्ये आता एकच घर उरले आहे. देशाच्या आग्नेय कोपऱ्यात, वेक्सफर्ड परगण्यात, ‘लेडीज आयलंड लेक’ नावाचे एक तळे आहे. समुद्र आणि तळे यांच्यामध्ये वाळू-गोट्यांचा एक लांबट बांध आहे आणि त्या बांधावर हे झाड उभे आहे. शेजारच्या इंग्लंडच्या आणि वेल्सच्या किनाऱ्यांवर एके काळी त्याच्या नोंदी होत्या. तिथल्या रानातून ते नाहीसे झाले. दक्षिणेकडे पोर्तुगाल, स्पेनमध्ये ते अजून बरेच आहे. उत्तरेकडच्या टोकाला मात्र हा एकच बांध.

हे तळे मोठे विचित्र आहे. त्याला समुद्राकडे जाणारी वाट नाही. हिवाळ्याच्या पावसाने ते भरत जाते आणि काठची शेते बुडू लागतात. तळ्यात एक जुने तीर्थक्षेत्र आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे यात्रा भरते आणि भाविक बेटाला प्रदक्षिणा घालतात. पाणी चढले तर ती वाटही बुडते. तळ्यातल्या बेटांवर सुरय पक्ष्यांची मोठी वसाहत आहे. त्यांच्या घरट्यांनाही चढत्या पाण्याचा धोका. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोक त्या वाळूच्या बांधाला चर खणून तळ्याचे पाणी समुद्रात सोडत आले आहेत. नंतर लाटा आणि वारा तो चर पुन्हा बुजवतात. शेतकरी, यात्रेकरू, पक्षी आणि झाड या चौघांचा संसार असा एका बांधावर चालला आहे.

आयर्लंडच्या सरकारने कापूसतणाला कायद्याने संरक्षण दिले आहे. ते तोडणे, उपटणे गुन्हा आहे. पण या एका झाडाला कुंपण घालून ते वाचवता येणार नाही, हेही तिथे उघड दिसते. त्याला हलती वाळू हवी, मोकळा वारा हवा, अधूनमधून अंगावर येणारा समुद्र हवा. बांध सिमेंटचा केला तर तळ्याचा प्रश्न कदाचित सुटेल, पण झाड जाईल, आणि ज्या कामासाठी निसर्गाने त्याला तिथे बसवले ते कामही जाईल. झाड वाचवायचे तर टेकडी जिवंत ठेवावी लागते आणि टेकडी जिवंत ठेवायची तर झाड वाचवावे लागते. हा दुहेरी करार आहे.

गवत उपटू नका, असा कायदा

असा करार मोडल्यावर काय होते, याचा दाखला फार जुना आहे. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर मोरे परगण्यात कल्बिन नावाची सुपीक जहागीर होती. किनाऱ्याच्या टेकड्यांवरचे चिवट गवत लोक छपरे शाकारण्यासाठी आणि इतर कामांसाठी सर्रास उपटून नेत. १६९४ च्या शरद ऋतूत मोठे वादळ झाले, वाळू मोकाट सुटली आणि जहागिरीची शेते तिच्याखाली गेली. लगेच पुढच्या वर्षी, १६९५ साली, स्कॉटलंडच्या संसदेने कायदा केला: समुद्रकाठच्या टेकड्यांवरचे गवत आणि झुडपे उपटण्यास मनाई.

त्या कायद्यातला बारकावा पाहण्यासारखा आहे. त्या खासदारांनी भिंत बांधा असे म्हटले नाही, वाळू हलवू नका असेही म्हटले नाही. त्यांनी गवताला हात लावू नका म्हटले. तीनशे वर्षांपूर्वीच्या, वनस्पतिशास्त्राचा गंध नसलेल्या त्या माणसांना गवंडी कोण, हे नेमके कळले होते. ठेच लागल्यावर का होईना, शहाणपण आले होते.

आपल्या पुळणीवर

कापूसतण आपल्याकडे नाही. पण त्याचे काम करणारी मंडळी आपल्याकडे आहेत. कोकण-गोव्याच्या पुळणीवर, भरतीच्या रेषेच्या वर, जांभळट-गुलाबी फुलांचा एक वेल पसरलेला दिसतो. पाने टोकाशी दुभंगलेली, शेळीच्या खुरासारखी. त्याचे नावच मर्यादवेल. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे तो वाढतो, आणि त्याच्या अलीकडे समुद्राने येऊ नये अशी त्या नावामागची श्रद्धा. हे नाव देणाऱ्या आपल्या पूर्वजांनी कल्बिनसारखे संकट न येताही तो धडा एका शब्दात सांगून ठेवला होता. मर्यादवेल लोकर पांघरत नाही. त्याने जाड, तुकतुकीत पानांचा मार्ग निवडला आहे. त्याचा वेल पेरापेराला मुळे सोडत समुद्राच्या दिशेने धावतो, आणि त्याचे बी खाऱ्या पाण्यावर तरंगत दूरच्या किनाऱ्यांना लागते.

त्याच्या जोडीला सुयांसारख्या टोकदार पानांचे एक गवत असते. तमिळनाडूत त्याला ‘रावणाची मिशी’ म्हणतात. त्याचे काटेरी, चेंडूसारखे फळतुरे वाऱ्याबरोबर पुळणीवर गडगडत जातात. मुले त्यांच्यामागे धावतात. या दोघांच्या मागे, थोड्या स्थिरावलेल्या वाळूत केवडा, निर्गुडी, उंडी, भेंड आणि त्यांच्या मागे माणसांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या. ही रांग उगाच लागलेली नाही. पुढचा मागच्याला आडोसा देतो. पुढचा शिपाई पडला की मागच्याच्या छातीवर मारा सुरू होतो.

पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी हेच नाटक होते. जूनमध्ये उधाणाच्या लाटा पुळण खरवडून नेतात, ऑक्टोबरनंतर समुद्र निवळला की वाळू परत येते. कोकणातल्या जुन्या माणसाला हा हिशेब पाठ असतो. तो पावसाळ्यातली बोडकी पुळण पाहून घाबरत नाही. पण वाळू परत आली तरी तिला धरून ठेवणारे कोणी हवे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्याची पाहणी करणाऱ्यांना दिसले, की जिथे वाळूच्या उंच टेकड्या शाबूत होत्या तिथे मागच्या वस्तीचे नुकसान तुलनेने कमी झाले, आणि जिथे त्या कापून वाटा किंवा घरे केली होती तिथे पाणी त्याच खिंडीतून आत घुसले.

असे असताना आपण काय करतो? गोव्यात उत्तरेकडच्या मोरजी-मांद्रे पट्ट्यात पर्यटनाच्या झपाट्यात टेकड्यांचे अनेक भाग सपाट झाले. कोकणात किनाऱ्याला लागून रस्ता हवा, वाहनतळ हवा, ‘सुशोभीकरण’ हवे. सुशोभीकरणाची पहिली पायरी म्हणजे ‘साफसफाई’, आणि साफसफाईत पहिला बळी जातो तो मर्यादवेलाचा, कारण तो अस्ताव्यस्त दिसतो. मग वाळू सुटते. मग समुद्र आत येतो. मग गावकरी मोर्चा काढतात आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी होते. काळे दगड येतात. लाटा त्या दगडांवर आपटून समोरची उरलीसुरली वाळूही ओढून नेतात आणि बंधारा संपतो तिथून पुढे शेजारच्या गावाची पुळण खाऊ लागतात. मग शेजारचे गाव बंधारा मागते. फुकट काम करणारा गवंडी हाकलून आपण महागडा कंत्राटदार आणला, आणि तरी घर गळतेच आहे.

दुसऱ्याची बदली नको

यावर काही जण म्हणतील, झाडेच हवीत ना, मग लावू की! आपण लावली आहेत. किनाऱ्यावर सुरूची बने उभी केली. सुरूचे उपकार नाकारण्याचे कारण नाही: तो वारा अडवतो, सरपण देतो, भर दुपारी सावली देतो. पण त्याच्या गळलेल्या काड्यांचा थर जमिनीवर इतका दाट बसतो की खाली मर्यादवेल किंवा गवत फारसे उगवत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा नारळी-पोफळीबरोबर सुरूचीही असंख्य झाडे आडवी झाली. उंच झाड वाऱ्याशी झुंजते आणि हरले तर मुळासकट जाते. जमिनीला बिलगलेल्या वेलीला वारा फारसे काही करू शकत नाही. सुरू मागच्या रांगेत ठीक, पुढच्या रांगेतली मर्यादवेलाची जागा त्याला देता येत नाही.

परक्या झाडाला गवंडी नेमण्याचा याहून बोलका अनुभव अमेरिकेने घेतला. १९८९ साली ह्यूगो वादळाने साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याची वाताहत केली. टेकड्या पुन्हा उभारायला पूर्व आशियातून आणलेले एक झुडूप लावले गेले. करडी लवदार पाने, निळसर फुले; आपल्या निर्गुडीचे सख्खे भावंडच. ते वेगाने पसरले, दिसायलाही सुरेख. काही वर्षांतच लक्षात आले, की तिथले मूळचे गवत त्याच्याखाली गुदमरते आहे आणि अंडी घालायला येणाऱ्या कासवांना त्याच्या जाळीतून वाट मिळत नाही. मग तेच झुडूप उपटण्याच्या मोहिमा निघाल्या. आशियातल्या आपल्या किनाऱ्यावर जे झाड सज्जन होते, ते तिथे उपद्रवी ठरले. यात दोष झाडाचा नाही. कुठल्या वाळूला कोण धरून ठेवते, हे हजारो वर्षांच्या सहवासातून ठरलेले असते. ते टेंडर काढून बदलता येत नाही.

कायदा आहे, पण…

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. इंदिरा गांधींनी १९८१ साली किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवण्यास सांगितले होते. १९९१ साली किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे ‘सीआरझेड’ची अधिसूचना निघाली. करमणुकीसाठी किंवा शोभेसाठी वाळूच्या टेकड्यांचे रूप बदलण्यास तिने मनाई केली. २०११ च्या अधिसूचनेने या टेकड्यांना सर्वांत संवेदनशील गटात घातले. २०१९ च्या अधिसूचनेनेही त्यांना त्याच गटात ठेवले. मात्र दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणण्याची मुभा तिने दिली.

आता गंमत अशी, की टेकडी संरक्षित असेल तर आधी ती नकाशावर टेकडी म्हणून दिसायला हवी. झुडपे काढली, वाळू दोन-तीन पावसाळ्यांत पसरली, की तिथे टेकडी होती हे सिद्ध कोण करणार? मीटर मोजणारा कायदा मर्यादवेल मोजत नाही. वडाचे झाड तोडले तर गावात चर्चा होते. पुळणीवरचा वेल जेसीबीने खरवडला तर त्याला ‘सफाई’ म्हणतात. इंग्रजांनीही आपल्या लोकरी झाडाला ‘वीड’, म्हणजे तण म्हणूनच हिणवले होते. उपयोगाचे ते पीक आणि बाकी सारे तण, ही शेतकऱ्याची भाषा शेतात ठीक आहे. किनाऱ्यावर तिचा अर्थ उलटा होतो.

किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला बाजूला सारून हा प्रश्न सुटणार नाही, हेही स्वच्छ म्हटले पाहिजे. मुंबई-पुण्यात बसून ‘टेकड्या राखा’ म्हणणे सोपे आहे. वाडीचे उत्पन्न पुरत नाही म्हणून पोरगा दोन खोल्या भाड्याने देतो, त्याला ५०० मीटरचे व्याख्यान काय कामाचे? पण पाहुणा येतो तो पुळणीसाठी. पुळण गेली तर खोल्या कुणासाठी? रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाने याचे एक उत्तर दिले आहे. तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेबरोबर गावकरी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखतात, आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येणाऱ्यांना आपल्याच घरांत उतरवून घेतात. कासवीला मोकळी, स्वच्छ, न तुडवलेली वाळू लागते. तीच वाळू गावाला पाहुणे मिळवून देते. निसर्ग राखणे आणि चूल पेटवणे या दोन गोष्टी तिथे एकमेकींच्या वैरिणी राहिलेल्या नाहीत.

करायला हवे ते फार खर्चाचेही नाही. प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीने आपल्या पुळणीवरच्या टेकड्या आणि त्यांवरच्या वनस्पती यांची नोंद करावी. शाळेतल्या मुलांकडून ती दरवर्षी करून घेता येईल आणि मुलांना मर्यादवेल ओळखता येईल, हा वेगळा लाभ. समुद्राकडे जाण्यासाठी दहा वाटा न पाडता एक-दोन ठराविक वाटा ठेवाव्यात आणि जमल्यास त्यांवर लाकडी फळ्या टाकाव्यात, म्हणजे पाय टेकडीवर पडणार नाहीत. जिथे टेकडी मोडली आहे तिथे सुरूऐवजी आधी मर्यादवेलाच्या फांद्या आणि तिथलेच गवत रोवावे. सुशोभीकरणाच्या आराखड्याला मंजुरी देताना, तिथे आज काय उगवले आहे, हा प्रश्न अधिकाऱ्यांनी आधी विचारावा. समुद्राची पातळी १९०० पासून जगभरात सरासरी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आहे आणि वाढतेच आहे. टेकडीला मागे सरकायला जागा असेल तर ती समुद्राबरोबर मागे सरकते, रक्षण करीत राहते. तिच्या पाठीला रस्ता आणि भिंत लावली तर ती तिथेच मरते.

आणि आपण, सुटीत मुलाबाळांसह समुद्रावर जाणारे? आपल्यातलेच काही जण गाडी थेट पुळणीवर घालतात. ओल्या वाळूवर चाके फिरवण्यात, पाण्याचे फवारे उडवण्यात पुरुषार्थ मानतात. गाडी रुतली की गावकऱ्यांनी ट्रॅक्टर लावून ती ओढायची. त्या चाकांखाली काय चिरडले जाते, याची चौकशी कोणी करत नाही. एका मोसमात वाढलेला वेल एका दुपारी संपतो. येत्या सुटीत समुद्रावर गेलात तर गाडी रस्त्यावरच ठेवा. वाटेत शेळीच्या खुरासारख्या पानांचा तो वेल दिसला तर मुलांना थांबवून दाखवा, नाव सांगा, आणि त्याला वळसा घालून पाण्याकडे जा. चार पावले जास्त पडतील. तिकडे आयर्लंडात एका लोकरी झाडापाशी आता तेवढा एकच बांध उरला आहे. आपल्या मर्यादवेलापाशी अजून शेकडो किलोमीटरची पुळण आहे. ती आहे तोवरच हे चार पावलांचे काम आहे. नंतर ते दगडांचे आणि कोट्यवधी रुपयांचे होते.